मोठी चिप कधी घ्यावी?

‘सर, हा बोर्ड आता पुरत नाही. मोठा घेऊ या ना!’ इलेक्ट्रॉनिक्सचा छंद लागलेल्या मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला हे वाक्य कधी ना कधी ऐकावे लागते. मागणी करणाऱ्याचा उत्साह खरा असतो. शाळेचा खिसा मात्र लहान असतो. शिवाय मोठा बोर्ड आणल्यावरही अडचण जशीच्या तशी राहिली, तर पैसे आणि उत्साह दोन्ही वाया जातात. म्हणून मोठी, अधिक शक्तिमान चिप केव्हा घ्यावी आणि केव्हा घेऊ नये, याचा विचार एका प्रत्यक्ष उदाहरणाच्या आधारे करू.

उदाहरण शहाडचे आहे. कल्याणहून कसाऱ्याकडे जाताना पहिले स्टेशन शहाड. गाडी पुढे आंबिवलीकडे निघाली की उल्हास नदी ओलांडते. या भागात पावसाचे मोजमाप हा केवळ भूगोलाच्या पुस्तकातला विषय नाही. २६ जुलै २००५ रोजी उल्हास नदीच्या पुराने बदलापूरपासून कल्याणपर्यंतचा परिसर वेढला होता. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि सुमारे एक हजार प्रवाशांना बाहेर काढावे लागले. २००५ च्या त्या चोवीस तासांत मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तर वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला अवघा ७३ मिलिमीटर. इतक्या अंतरात एवढा फरक पडत असेल, तर सांताक्रूझच्या आकड्यावरून शहाडचा पाऊस कसा कळणार? आपल्या गच्चीवर आपलाच पर्जन्यमापक हवा, असे मुलांनी ठरवले आणि आम्ही त्यांना हातभार लावायला बसलो.

यंत्र सोपे होते. गळणीतून आलेले पाणी तराजूसारख्या दोन छोट्या पळ्यांपैकी एकीत साठते. ०.२ मिलिमीटर पावसाइतके पाणी साठले की ती पळी कलंडते, रिकामी होते आणि दुसरी तिच्या जागी येते. कलंडताना एक चुंबक रीड स्विचजवळून जातो, स्विच क्षणभर जोडला जातो. किती वेळा जोडला गेला हे मायक्रोकंट्रोलरने मोजायचे. त्यासाठी ‘अर्डुइनो उनो’ हा सर्वांच्या परिचयाचा बोर्ड घेतला होता.

आठवडाभरात मुलांच्या तीन तक्रारी आल्या. पळी एकदाच कलंडली तरी कधी कधी तीन-चार आकडे वाढतात. पडदा आणि मेमरी कार्ड दोन्ही जोडले की यंत्र मध्येच गोठते. आणि आकडे मोबाइलवर दिसत नाहीत. निदानही मुलांनी स्वतःच केले होते : चिप कमजोर आहे!

चिपच्या पोटात काय असते?

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चिपमध्ये मावलेला छोटा संगणक. त्यात आज्ञा पाळणारा प्रोसेसर असतो, आज्ञावली कायम साठवणारी फ्लॅश असते, चालू हिशेबाची पाटी म्हणजे रॅम असते आणि बाहेरच्या जगाशी बोलण्यासाठी पाय असतात. इंटेलने १९८० साली आणलेल्या ८०५१ या चिपमध्ये आज्ञावलीसाठी ४ किलोबाइट जागा होती आणि रॅम फक्त १२८ बाइट. एवढ्या भांडवलावर तिने जगभरची असंख्य यंत्रे चालवली. आपल्याकडच्या पदविका आणि अभियांत्रिकीच्या कितीतरी विद्यार्थ्यांनी पहिला दिवा लुकलुकवला तो तिच्यावरच.

उनोवरील एटीमेगा ३२८पी ही चिप तिच्याहून बरीच सधन आहे. फ्लॅश ३२ किलोबाइट, रॅम २ किलोबाइट म्हणजे २०४८ बाइट, आणि घड्याळ १६ मेगाहर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला एक कोटी साठ लाख ठोके. बहुतेक साध्या आज्ञा एक-दोन ठोक्यांत पार पडतात.

‘शक्तिमान चिप’ असे आपण म्हणतो तेव्हा यातली नेमकी कोणती गोष्ट अधिक हवी असते? वेग, रॅम, फ्लॅश, पायांची संख्या, की वाय-फायसारखी एखादी नवी सोय? ही पाच वेगवेगळी दुकाने आहेत. अर्डुइनोचाच ‘मेगा २५६०’ बोर्ड पाहा. त्याची फ्लॅश २५६ किलोबाइट, रॅम ८ किलोबाइट आणि डिजिटल पाय ५४ आहेत. घड्याळ मात्र तेच, १६ मेगाहर्ट्झचे. वेग हवा म्हणून मेगा आणणाऱ्याच्या पदरी निराशाच पडेल.

पहिली तक्रार : आकडे जास्त का येतात?

आधी वेगाचा हिशेब करू. ताशी २०० मिलिमीटर असा भयंकर पाऊस धरला, तर तासाला पळी १००० वेळा कलंडेल, म्हणजे दर ३.६ सेकंदांनी एकदा. तेवढ्या वेळात आमच्या ‘कमजोर’ चिपचे पाच कोटी शहात्तर लाख ठोके पडतात. दोन आकड्यांच्या मध्ये ती अक्षरशः रिकामी बसून असते. तेव्हा दोष वेगाचा नाही.

खरे कारण स्विचमध्ये आहे. स्विचच्या धातूच्या पट्ट्या एकमेकींवर आदळल्या की टाळी वाजल्यासारख्या क्षणभर थरथरतात. ही थरथर एक मिलिसेकंद टिकली तरी तेवढ्यात चिपचे १६,००० ठोके होतात. आपल्याला एक स्पर्श वाटतो, चिपला त्यात तीन-चार वेगळे स्पर्श दिसतात. दहापट वेगवान चिप आणली तर तिला ही थरथर अधिकच स्पष्ट दिसेल. उपाय आज्ञावलीत आहे : एक स्पर्श मोजला की पुढचे ५० मिलिसेकंद स्विचकडे पाहायचे नाही. दोन खऱ्या स्पर्शांत सेकंदांचे अंतर असल्यामुळे त्यात काहीच निसटत नाही. दोन ओळी वाढवल्या आणि पहिली तक्रार मिटली.

दुसरी तक्रार : यंत्र गोठते

इथे मुलांचे म्हणणे अर्धे बरोबर निघाले. आमचा पडदा आडवे १२८ आणि उभे ६४ ठिपके दाखवणारा होता. म्हणजे ८१९२ ठिपके. प्रत्येक ठिपक्याला एक बिट धरला तर १०२४ बाइट. नेहमीची लायब्ररी हे सगळे चित्र रॅममध्ये मांडून ठेवते. मेमरी कार्डाची लायब्ररी एका वेळी ५१२ बाइटचा गठ्ठा हाताळते. दोन्ही मिळून १५३६ बाइट गेले, उरले ५१२. त्यातच बाकीचे हिशेब, तात्पुरत्या नोंदी आणि पडद्यावर छापायची वाक्ये. वाक्यांचीही एक गंमत आहे. ‘रेन’ हा शब्द रोमन लिपीत लिहिला तर ४ बाइट लागतात. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह नेहमीच्या युनिकोड पद्धतीत ३ बाइट घेते. ‘पाऊस’ या शब्दात प, काना, ऊ आणि स अशी चार चिन्हे आहेत, म्हणजे १२ बाइट झाले.

पाटी अशी भरून वाहू लागली की चिप तक्रार करत नाही. एक नोंद दुसरीवर लिहिली जाते आणि यंत्र वेड्यासारखे वागते किंवा गोठते. हा दोष सापडायला म्हणूनच अवघड.

उपाय दोन. पहिला काटकसरीचा. फक्त अक्षरे दाखवणारी साधी लायब्ररी घेतली तर चित्राचे १०२४ बाइट वाचतात. न बदलणारी वाक्ये फ्लॅशमध्येच ठेवता येतात. नोंदींचाही हिशेब करावा. दर मिनिटाची नोंद दोन बाइटांत ठेवली तर चोवीस तासांच्या १४४० नोंदींना २८८० बाइट लागतील. ते मावणारच नाहीत. दर दहा मिनिटांनी नोंद केली तर २८८ बाइटांत काम होते, आणि पावसाचा आलेख काढायला एवढे पुरते.

दुसरा उपाय मोठ्या रॅमच्या चिपचा. पडद्यावर आलेखच काढायचा असेल, कार्डही हवे असेल आणि मराठी मजकूरही हवा असेल, तर २ किलोबाइटमध्ये कुचंबणा करून घेण्यात अर्थ नाही. ही गरज खरी आहे, कारण तिच्यामागे आकडे आहेत.

हिशेब करताना सापडलेल्या दोन चुका

रॅम वाचवायच्या नादात एका मुलाने पळ्यांची दिवसभराची मोजणी एका बाइटात ठेवली होती. एका बाइटात ० ते २५५ एवढेच आकडे मावतात. २५५ नंतर पुन्हा शून्य. २५५ वेळा ०.२ म्हणजे ५१ मिलिमीटर. शहाडला जुलैमध्ये एवढा पाऊस एका दिवसात सहज पडतो.

आता २६ जुलै २००५ चा सांताक्रूझचा पाऊस या यंत्रात ओतून पाहू. ९४४ मिलिमीटर म्हणजे ४७२० वेळा पळी कलंडणार. ४७२० ला २५६ ने भागले तर १८ वेळा भाग जातो आणि बाकी उरते ११२. म्हणजे यंत्र दाखवणार २२.४ मिलिमीटर! ज्या दिवशी घरातल्यांना वरच्या मजल्यावर जा म्हणून सांगायला हवे, त्या दिवशी यंत्र म्हणणार, ‘आज बेताचा पाऊस आहे.’ मोजणी दोन बाइटांच्या, ऋण नसलेल्या संख्येत ठेवली तर ६५,५३५ पर्यंत मजल जाते. म्हणजे १३,१०७ मिलिमीटर. चेरापुंजीच्या वर्षभराच्या सरासरी पावसालाही ते पुरेल. एका बाइटाची काटकसर किती महाग पडली असती, हे मुलांना या भागाकाराने जसे पटले तसे आमच्या व्याख्यानाने पटले नसते.

दुसरी चूक वेळेची. यंत्र सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले, हे अर्डुइनोची आज्ञावली चार बाइटांत मोजते. त्यात ४,२९,४९,६७,२९५ पर्यंतचे आकडे मावतात. मग पुन्हा शून्य. याचे दिवस केले तर ४९.७ होतात. १ जूनच्या मध्यरात्री यंत्र सुरू केले, तर ही मोजणी शून्यावर येईल २० जुलैला संध्याकाळी पाचच्या सुमारास. म्हणजे ऐन पावसाळ्यात.

त्या क्षणी काय होईल हे आज्ञावली कशी लिहिली यावर ठरते. ‘घड्याळ अमुक आकड्याच्या पुढे गेले की नोंद करा’ असे लिहिले असेल, तर एक तर काही वेळ धडाधड नोंदी होत राहतील, नाहीतर पुढचे ४९ दिवस नोंदच होणार नाही. योग्य रीत अशी : आत्ताच्या वेळेतून मागच्या नोंदीची वेळ वजा करा आणि फरक दहा मिनिटांएवढा झाला की नोंद करा. अकरा वाजता निघालेला माणूस एक वाजता पोहोचला, तर १ वजा ११ म्हणजे उणे दहा तास लागले असे कोणी म्हणत नाही. तबकडीवरून पुढे मोजून आपण दोन तास म्हणतो. चार बाइटांची ऋण नसलेली वजाबाकी नेमकी हेच करते.

हीच आज्ञावली १५ पट वेगवान चिपवर चढवली तरी अर्डुइनोच्या पद्धतीत ही मोजणी चार बाइटांचीच राहते. म्हणजे महागडा बोर्डही २० जुलैलाच फसला असता.

तिसरी तक्रार : मोबाइलवर दिसत नाही

इथे काटकसर कामाची नाही. उनोच्या चिपमध्ये रेडिओच नाही. वाय-फाय हवे असेल तर ते असलेली चिप घ्यावी. २०१६ साली आलेली ईएसपी३२ ही त्यासाठी प्रसिद्ध आहे. २४० मेगाहर्ट्झचे दोन प्रोसेसर, ५२० किलोबाइट रॅम, वाय-फाय आणि ब्लूटूथ. आम्ही हीच घ्यायचे ठरवले. पण तिच्याबरोबर दोन नवे प्रश्न येतात, ते आधीच माहीत असलेले बरे.

पहिला व्होल्टचा. उनो ५ व्होल्टवर चालते. ईएसपी३२, रास्पबेरी पाय पिको आणि बहुतेक नव्या चिप ३.३ व्होल्टवर चालतात. ५ व्होल्टचा संवेदक त्यांच्या पायाला थेट जोडला तर चिप जळू शकते. १० आणि २० किलोओहमचे दोन रोध एकापुढे एक जोडून २० किलोओहमच्या टोकांतला व्होल्टेज घेतला, तर ५ चे दोन तृतीयांश म्हणजे ३.३ व्होल्ट मिळतात. शाळेच्या पुस्तकातला ओहमचा नियम इथे उपयोगी पडतो. आमचा रीड स्विच तर नुसता स्विच आहे. तो ३.३ व्होल्टलाच जोडला की प्रश्न मिटला.

दुसरा प्रश्न विजेचा. वाय-फाय सतत चालू असेल तर ईएसपी३२ साधारण १०० मिलिअँपिअर प्रवाह घेते. प्रक्षेपणाच्या क्षणी तो दुपटीहूनही वाढतो. २००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी अशी वीस तासच पुरेल. पूर येतो त्या दिवशी वीज जाते, हा आपल्या भागाचा अनुभव. मग नेमके त्याच दिवशी यंत्र बंद पडायचे! यावर तोड म्हणजे चिपला झोपवणे. गाढ झोपेत ती एकटी सुमारे १० मायक्रोअँपिअर, म्हणजे दहा हजारावा भाग, प्रवाह घेते. पळी कलंडली की स्विच तिला उठवतो. आकडा वाढवून ती पुन्हा झोपते आणि तासातून एकदाच वाय-फाय सुरू करते. मात्र बोर्डावरचा दिवा आणि व्होल्टेज नियामक जागेच असतात, म्हणून संपूर्ण बोर्डाचा प्रवाह मिलिअँपिअरमापीने स्वतः मोजून पाहावा.

कोणत्या कामाला कोणती?

ओळखीची पद्धत न सोडता थोडे वर जायचे असेल, तर २०२३ साली आलेली उनो आर४ सोयीची. ४८ मेगाहर्ट्झ, २५६ किलोबाइट फ्लॅश, ३२ किलोबाइट रॅम, आणि ती ५ व्होल्टवरच चालते. जुन्या चिपला थेट उद्देशून लिहिलेल्या काही लायब्ऱ्या मात्र तिच्यावर चालत नाहीत.

रंगीत पडदा चालवायचा असेल, तर पुन्हा गुणाकार करावा. ३२० गुणिले २४० ठिपके, प्रत्येकी दोन बाइट, म्हणजे १,५३,६०० बाइट. आर४ ला हे चित्र रॅममध्ये मावणार नाही. २०२१ च्या पिकोची रॅम २६४ किलोबाइट आहे, तिच्यात मावेल. २०२४ च्या पिको २ मध्ये ती ५२० किलोबाइट झाली.

ध्वनीचा अभ्यास करायचा असेल तर खरोखर वेग लागतो. समजा, शहाडच्या फलाटावर लोकलच्या भोंग्यात कोणकोणत्या वारंवारता आहेत हे शोधायचे आहे. उनो नेहमीच्या पद्धतीने सेकंदाला सुमारे ९६०० मापे घेते. ज्या वारंवारतेचा शोध घ्यायचा तिच्या दुपटीहून अधिक मापे लागतात, म्हणून ४८०० हर्ट्झच्या वरचे तिला कळणार नाही. शिवाय १०२४ मापे प्रत्येकी दोन बाइटांत साठवली की २०४८ बाइटांची पाटी पूर्ण भरली. पुढचे गणित मांडायचे कुठे? इथे मोठी चिप मागणारा मुलगा शंभर टक्के बरोबर आहे.

आपल्या देशातही या क्षेत्रात काम झाले आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने ‘वेगा’ मालिकेतले प्रोसेसर घडवले. त्यातल्या ‘तेजस३२’ या १०० मेगाहर्ट्झच्या चिपवर ‘एरीज’ नावाचे बोर्ड निघाले आहेत. रिस्क-फाइव्ह ही सर्वांना खुली असलेली आज्ञासंहिता तिच्यात वापरली आहे. वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांनी ती अवश्य पाहावी.

एक नग आणि शंभर नग

छंदाचे यंत्र आणि विकायचे यंत्र यांचा हिशेब वेगळा. कल्याण-डोंबिवलीत घरोघरी लागणारे उदाहरण घेऊ : गच्चीवरची टाकी भरली की पंप बंद करणारे यंत्र. याला आठ पायांची, ५१२ बाइट रॅमची एटीटाइनी८५ सुद्धा पुरते. पंप सुरू होताना यंत्र अडखळते, म्हणून चिप बदलणारे लोक आम्ही पाहिले आहेत. पण तो दोष मोटारीमुळे वीजपुरवठ्यात उठणाऱ्या धक्क्याचा असतो. चिपच्या पायांलगत ०.१ मायक्रोफॅरडचा धारित्र, रिलेच्या वेटोळ्याला उलटा डायोड आणि नीट वेगळा केलेला पुरवठा हे त्याचे उपाय.

शंभर नग करायचे तर आणखी तीन प्रश्न विचारावेत. ही चिप दोन वर्षांनीही मिळेल का? २०२०-२२ च्या जागतिक टंचाईत अनेक लोकप्रिय चिप मिळेनाशा झाल्या आणि नकली मालही बाजारात आला. ती आपल्या हातांनी डाग देण्याजोगी आहे का? २८ पायांची जुनी ३२८ शाळेतही सोल्डर करता येते. नव्या चिपचे पाय पोटाखाली असतात, तिथे तयार मॉड्यूल घ्यावे लागते. आणि तिच्यात रेडिओ आहे का? असल्यास आपल्या देशात असे उत्पादन विकण्यासाठी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची मान्यता पाहावी लागते.

वर्गात करून पाहा

लॅमिंग्टन रोडची वारी करण्याआधी मुलांना एक कागद द्या. त्यावर पाच रकाने : वेग, रॅम, फ्लॅश, पाय, वीज. प्रत्येकात ‘किती लागते’ आणि ‘किती आहे’ हे आकड्यांत लिहायला सांगा. ज्या रकान्यात ‘लागते’ हे ‘आहे’पेक्षा मोठे निघेल, त्याच रकान्यासाठी नवी चिप शोधायची. सगळे रकाने पुरेसे निघाले तर दोष आज्ञावलीत, जोडणीत किंवा वीजपुरवठ्यात शोधायचा.

सोबत दोन गणिते द्या. तुमच्या गावात आजवर एका दिवसात पडलेला सर्वाधिक पाऊस एका बाइटाच्या यंत्रात किती दिसेल? आणि शाळा सुरू होण्याच्या दिवशी लावलेले यंत्र कोणत्या तारखेला, किती वाजता शून्यावर येईल?

शहाडच्या यंत्राला शेवटी ईएसपी३२ मिळाली, पण ती वाय-फायसाठी. तिच्यात चढवण्याआधी आज्ञावलीतल्या दोन्ही चुका दुरुस्त केल्या होत्या. सुटा झालेला उनो बोर्ड कपाटात गेला नाही. सातवीच्या मुलांनी तो टाकीच्या यंत्रासाठी मागून घेतला.